सकाळच्या तुकडीचे लाल डोळे

१

माणसांची घाण मला नवी नाही. अमरावतीच्या आरोग्य खात्यात सॅनिटरी इन्स्पेक्टर म्हणून माझी निम्मी हयात गटारं, संडास आणि खाटीकखाने हुंगण्यात गेली. नाक निबर झालं होतं. पण अकोल्याच्या त्या तलावाचं प्रकरण मिटवून परत आलो आणि आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. त्याला कारण नाक नव्हतं.

सत्तावन सालचा जून महिना. बंदरांवर उतरलेली फ्लूची साथ रेल्वेच्या डब्यात बसून वऱ्हाडात पोचली होती. घरोघर माणसं फणफणून पडलेली. सिनेमा बंद, शाळा उघडायच्या लांबलेल्या. अकोल्यात जलविहार मंडळाचा पोहण्याचा तलाव मात्र चालू होता, कारण मंडळानं अर्ज केला आणि आमच्या खात्यानं नियम घालून परवानगी दिली. एका तुकडीत मोजकीच माणसं, दोन तुकड्यांच्या मध्ये तलाव रिकामा, पाण्यात ब्लिचिंग पावडर दुप्पट, ताप-खोकला किंवा डोळे आलेल्यांना प्रवेश नाही, पान-तंबाखू बंद, टॉवेल ज्याचा त्याचा. पोहून झाल्यावर सभासदांना मलईचं दूध मिळायचं, तेही बंद केलं होतं, कारण सगळ्यांची तोंडं त्याच पेल्यांना लागायची.

नियम चांगले होते. मीच लिहिले होते.

आणि तरी तक्रार आली. सकाळच्या तुकडीतल्या सभासदांचे डोळे मिरची गेल्यासारखे लाल झाले, एका मुलाच्या डोळ्यात फूल पडलं. मंडळाचं म्हणणं असं की तलावावरचा नोकर मोतीराम तायडे यानं पाण्यात मुद्दाम काहीतरी कालवलं. पोलिसांनी त्याला एक दिवस चौकीत बसवून घरी सोडलं होतं. माझा अहवाल आला की गुन्हा नोंदवायचा की नाही ते ठरणार होतं. मंडळ त्याच्याही पुढं गेलं होतं. येत्या रविवारच्या बैठकीत मोतीरामला काढायचं आणि त्याच्याबरोबर संध्याकाळची तुकडीही कायमची बंद करायची, असा ठराव तयार होता. संध्याकाळची तुकडी मोतीरामच्या वस्तीतल्या मुलांची होती. आदल्याच वर्षी ही सगळी घरं बौद्ध झाली होती, आणि त्याच सुमारास मंडळानं मोठा गाजावाजा करून तलाव सर्वांना खुला केला होता.

बडनेऱ्याला गाडी पकडून मी सकाळीच अकोल्याला उतरलो आणि थेट तलावावर गेलो. तुकडी नुकतीच बाहेर पडत होती, सगळे डोळे चोळत. काठावर उभा राहिलो तर ब्लिचिंगचा असा भपकारा आला की माझ्याही डोळ्यांतून पाणी आलं. पावडर मापाबाहेर पडली असणार, असं कुणालाही वाटलं असतं.

मी पाणी तपासायची पेटी उघडली. काचेच्या नळीत तलावाचं पाणी घेतलं आणि औषधाचे थेंब टाकले. पाण्यात कामाचं क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी लगेच पिवळं होतं.

पाणी पिवळं झालं नाही. दुसऱ्या नळीत घेतलं, तेही नाही. ज्या पाण्याच्या वासानं माझे डोळे चुरचुरत होते, त्या पाण्यात जंतू मारायला औषधाचा टिपूस उरला नव्हता.

२

मोतीराम तायडे तिशीतला, अंगानं सडपातळ, बोलायला तुटक. मोर्णेच्या पुरात तीन माणसं ओढून काढली म्हणून मंडळानं त्याला नोकरी दिली होती. मी बोलावलं तर तो आला आणि चार हात अंतरावर उभा राहिला.

"जवळ ये. मला ओरडून बोलायची सवय नाही."

"इथंच बरा हाये जी," तो म्हणाला. "उगा कोनी पाह्यलं तं तुमाले पन बोलतीन."

"पावडर कधी टाकतोस?"

"दुपारी तलाव खाली रायते तवा एकदा, अन् रातच्याले फाटक लावाच्या आंधी एकदा. तुमच्या हापिसानं सांगतलं तेवढीच. जास्त नाई, कमी नाई."

"मग सकाळच्या लोकांचे डोळे कशानं आले?"

"मले काय माईत? चौकीत बी हेच इचारलं. मी टाकतो ते पान्याले चांगलं कराले टाकतो. माह्या वस्तीतले पोट्टे त्याच पान्यात उतरते. मी कावून घान टाकीन?"

त्याच्या बोलण्यावर विसंबून मी अहवाल लिहिणार नव्हतो. दुपारी त्यानं माझ्यासमोर पावडर टाकली. पिंपातली पावडर मी तपासली, ती चांगली कडक होती. संध्याकाळी वस्तीतली मुलं आली. एकेकाला उभं करून मी पापण्या उलटून पाहिल्या. सगळ्यांचे डोळे दुधासारखे पांढरे. पाण्याची नळी झकास पिवळी.

म्हणजे तलाव एक, पावडर एक, ती टाकणारा हातही एक. संध्याकाळच्या मुलांना काही होत नव्हतं, सकाळच्या मोठ्या लोकांचे डोळे फुटायला आले होते. घाण मुलांमुळे असती तर आधी मुलांनाच भोवली असती. पावडरीमुळे असती तरीही तेच.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मी पुन्हा नळी भरली. पिवळी. रात्रीची पावडर व्यवस्थित टिकली होती. इतक्यात मंडळाचे अध्यक्ष खुशालराव पाटील यांचा गडी चहाचं बोलावणं घेऊन आला. घर रस्त्यापलीकडेच होतं, म्हणून मी गेलो.

परत आलो तेव्हा सभासद कपडे बदलत होते. पाण्यात अजून एकही माणूस उतरला नव्हता. मी नळी भरली, थेंब टाकले.

पाणी पिवळं झालं नाही. मी चहा पीत होतो तेवढ्या वेळात कुणीतरी तलाव मारून टाकला होता, आणि त्या वेळात तलावावर मोतीरामशिवाय कामाला कोणीही नव्हतं.

"तू कुठं होतास?" मी त्याला विचारलं.

तो खाली पाहत म्हणाला, "पंपघरात."

"पंप तर बंद आहे."

"सकायी मले पंपघरात बसा लागते," एवढंच तो बोलला. त्याच्या चेहऱ्यावर मला जे दिसलं ते त्या वेळी अपराधासारखं वाटलं.

३

खुशालरावांच्या घरचा तो चहा कसा झाला ते सांगायला हवं.

"आपल्याले आडून बोलता येत नाई, साहेब," बैठकीवर मांडी ठोकून ते म्हणाले होते. घरची काळीभोर जमीन, भरदार मिशा, डोळे स्वच्छ. "त्या वस्तीतले पोट्टे ज्या पान्यात उतरले, त्यात मी बोट घालत नाई. अध्यक्ष हाओ मंडळाचा, पन वरीस झालं, तलावात पाय ठेवला नाई."

"अस्पृश्यतेचा कायदा होऊन दोन वर्षं झाली, खुशालराव."

"मंग? कायदा हाये म्हनून त्याहिले येऊ देलं. मी उतरावं असा तं कायदा नाई ना?" ते हसले. "हे सारं वकीलसाहेबाचं खूळ. केशवरावचं. त्याहिले सुधारना कराची हाये. कराना बाप्पा. आता पाहा, झाली सुधारना. साऱ्याहिचे डोये फुटले."

"मोतीरामनं पाण्यात काही टाकलं असं तुम्हाला वाटतं?"

"त्यानं नाई टाकलं तं त्याच्या वस्तीनं टाकलं. एकच झालं ना." बशीतला चहा फुर्रकन ओढून ते पुढं म्हणाले, "तुमच्या त्या नेमावलीत डोये आलेल्याले अन् खोकल्यावाल्याले पान्यात सोडाचं नाई, असं हाये ना? त्यावर पहारा मीच बसवला. फाटकावर पाटी बी मीच लावली, मोठ्या अक्षरात. म्हटलं, त्या पोट्ट्याहिले रोजच कायतरी निंगते. आपोआप बंद होतीन."

साथीत माणसं जगावीत म्हणून मी लिहिलेला नियम या माणसानं मुलांना हाकलायला काठी म्हणून हातात धरला होता. मला किळस आली. पण किळस येणं हा पुरावा नव्हे. या माणसाला मुलं नको होती आणि मोतीरामही नको होता. तलाव बिघडवून आळ त्यांच्यावर ढकलायला इतकं कारण पुरे होतं. फक्त एक गोष्ट आड येत होती. पाणी बिघडलं तेव्हा ते माझ्यासमोर चहा ओरपत होते, आणि त्यांचा गडी दाराशी उभा होता.

परत तलावावर आल्यावर मी उथळ बाजूच्या पायऱ्यांपाशी फिरून पाहिलं. वरच्या फरशीवर एक ओलं कडं उमटलं होतं, बरणी ठेवल्यावर उमटतं तसं. मंडळाच्या दुधावर पोसलेलं एक लठ्ठ मांजर तिथं आलं. त्यानं कड्याला नाक लावलं, मान झटकली आणि तिथून निघून गेलं.

मांजराचं काय एवढं, असं म्हणून मी पेटी बंद केली.

४

पावडर पुरवायचे ते ओमप्रकाश, जुन्या शहरातले व्यापारी. त्यांचाच मुलगा इस्पितळात होता, म्हणून मी तिकडं गेलो. वऱ्हांड्यात खाटांच्या दोन रांगा, सगळे तापाचे रोगी. त्यांच्यामधून ओमप्रकाश तोंडात पान धरून येरझारा घालत होते. मला पाहून त्यांनी कोपऱ्यात पिचकारी मारली. भिंत आधीच लाल होती. साथीच्या रोग्यांमध्ये उभा राहून हा माणूस थुंकत होता आणि जंतू कुठून आले ते मला विचारणार होता.

"साहब, माह्या पोराच्या डाव्या डोळ्यात फूल पडलं," ते म्हणाले. "डाक्टर म्हनते, रोशनी जाईल. एकुलता एक पोरगा हाये. तुमी त्या मोत्याले फाशी द्या, बस."

आवाज फुटला तसे ते भिंतीकडं वळले. मघाशी आलेला माझा राग निम्मा उतरला.

खाटेवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा डोळ्याला पट्टी बांधून पडला होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आधी डोळे कशानं तरी हुळहुळले असावेत, आणि मग घाणेरड्या पाण्यातले जंतू त्यात शिरले. पाण्यात औषध असतं तर हे एवढं वाढलं नसतं."

"औषध टाकलेलं होतं," मी म्हणालो.

"मग ते कुणीतरी संपवलं."

हे वाक्य डोक्यात बसलं. ब्लिचिंग पावडर पाण्यातल्या घाणीशी झुंजते आणि त्या झुंजीत स्वतः संपते. शिपायासारखी ती एकदाच मरते. घाण विशिष्ट जातीची असेल, माणसाच्या किंवा जनावराच्या मुतासारखी, तर संपता संपता ती एक झोंबणारा वायू मागं ठेवते. वास ब्लिचिंगचाच, उलट अधिक उग्र, पण मारायची ताकद शून्य. तलावावर मला जे दिसलं ते हेच होतं.

ओमप्रकाशची पावडर चांगली होती, ते मी आधीच पाहिलं होतं. मुलाचा बाप स्वतःच्या मुलाच्या पाण्यात घाण ओतणार नाही. म्हणजे कुणीतरी रोज सकाळी त्या तलावात चांगली दोन-तीन बादल्या लघवी ओतत होतं. सभासद येण्याआधी. मंडळावर दात असलेला माणूस शोधायचा, की मोतीरामवर?

मी दोघांवरही दात नसलेल्या माणसाकडं गेलो, कारण त्याच्याकडून सरळ उत्तर मिळेल असं वाटलं होतं.

५

वकील केशवराव हे मंडळाचे चिटणीस. तलाव सर्वांना खुला करण्याचा ठराव त्यांचा. दिवाणखान्यात त्या दिवसाचा फोटो लावलेला होता. वस्तीतल्या एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून केशवराव हसताहेत, मागं तलाव. पुढच्या निवडणुकीला ते उभे राहणार हे अकोल्यात सगळ्यांना ठाऊक होतं. त्यांचे डोळेही लालभडक होते.

"या, काळमेघसाहेब. या प्रकरणानं मन फार विटलं बघा," ते हळुवारपणे म्हणाले. "मोतीराम माणूस वाईट नाही. पण या लोकांच्या मनात पिढ्यांचा राग साठलेला असतो. तो कुठंतरी निघायचाच. मी ठरावाचा मसुदा केला, त्यात शब्द शक्य तितके सौम्य ठेवले आहेत."

"त्याला काढायचा ठराव तुम्हीच लिहिलात?"

"दुसऱ्या कुणी लिहिला असता तर कडक लिहिला असता."

"तुम्ही त्याच पाण्यात पोहता."

"रोज. पहिली उडी माझी असते. सभासदांनी बघावं म्हणून. मी बोलतो तसा वागतो, साहेब."

आतून त्यांच्या आई, गोदाबाई, यांचा खोकण्याचा आणि जपाचा आवाज येत होता. चहा आला. कोरा, आलं घातलेला.

"माफ करा, बिनदुधाचा आहे," केशवराव म्हणाले. "गोठ्यात गाई तीन, पण सध्या तिन्ही आटल्यात. आणि आईला बाहेरचं दूध घरात चालत नाही. सोवळं फार. मी किती समजावलं, पण वय झालं."

चहा पिऊन मी निघालो. अंगणात त्यांचा गडी सहदेव राखेनं दोन पितळी बरण्या घासत बसला होता. चांगल्या मोठ्या, झाकणाच्या. मला पाहून त्यानं त्या उगीचच गोठ्याच्या बाजूला सरकवल्या.

मोर्णेच्या पुलावर येईपर्यंत तोंडात त्या कोऱ्या चहाची चव होती. मध्यावर मी थांबलो. खाली उन्हाळ्यानं आटलेलं गढूळ पाणी होतं. मला ते मांजर आठवलं. दुधावर वाढलेलं मांजर बरणीचं कडं हुंगतं आणि तोंड फिरवून जातं. आणि मोतीराम बंद पंपाच्या खोलीत जाऊन बसतो.

मी तसाच उलट वळून वस्तीत गेलो. मोतीरामची बायको ललिता दारातच बसली होती. तिनं मला पाहून भिंतीकडं सरकून जागा केली. मोतीराम बाहेर आला.

"सकाळी पंपघरात का बसावं लागतं?" मी विचारलं. "खरं सांग. रविवारी तुझी नोकरी जाणार आहे, आणि या मुलांचा तलावही."

"दूध येते ना जी," तो म्हणाला. "दूध आलं का मी पंपघरात जाचं, दार लोटून घ्याचं. माहा हात लागू नये म्हनून. नोकरीवर ठेवलं तवाच सांगतलं होतं."

"दूध तर साथ आल्यापासून बंद आहे."

"मले वाटलं मंडळाच्या हापिसातल्या लोकाहिले देत असतीन. रोज तं येते. आंधी बी दोन बरन्या येत, आता बी दोनच येतात."

६

रविवारी उजाडायच्या सुमारास मी कपडे बदलायच्या खोलीत दार किलकिलं करून उभा राहिलो. मोतीरामला नेहमीसारखंच वागायला सांगितलं होतं.

सहदेव सायकल घेऊन आला. दोन्ही बाजूंना एकेक बरणी. फाटकातूनच त्यानं हाळी दिली, "दूध आलं रे."

मोतीराम उठला, पंपघरात गेला आणि त्यानं दार लोटून घेतलं. मी कितीतरी घाणेरड्या जागा पाहिल्या आहेत. पण एक धडधाकट माणूस, ज्यानं पुरात उडी मारून माणसं काढली, तो एका बरणीला घाबरून दाराआड जातो, याहून घाणेरडं काही मी पाहिलं नव्हतं.

सहदेवनं एक बरणी पायऱ्यांपाशी नेली, फरशीवर टेकवली, झाकण काढलं, हात जोडले आणि ती तलावात उपडी केली. पिवळसर धार पाण्यात मिसळून गेली. दुसऱ्या बरणीचं झाकण काढायच्या आत मी त्याचा हात धरला.

तो मागं सरकला. "मले काय म्हनता जी? गोमूत्र हाये. घरच्या गाईचं. मालकानं सांगतलं, तुकडी याच्या आंधी टाकत जा. कोनाले सांगू नको म्हने."

"कधीपासून?"

"ते पोट्टे याले लागले तवापासून. आंधी दुधाच्या बरनीसंगं एक आने. मंग दूध बंद झालं, अन् ही साथ आली. मोठ्या बाई म्हने, साथीत इटाळ बी मोठा. तवापासून दोन."

मी दुसऱ्या बरणीचं झाकण घट्ट लावलं आणि ती उचलून बैठकीच्या खोलीत नेऊन ठेवली.

७

बैठकीला सगळे लाल डोळ्यांचे सभासद जमले होते. ओमप्रकाश इस्पितळातून आले होते, पान तोंडातच. खुशालराव अध्यक्षांच्या खुर्चीत. मोतीरामला दाराबाहेर उभं केलं होतं. केशवरावांनी ठराव वाचायला घेतला.

"ठरावाआधी दूध घ्या," मी म्हणालो, आणि पेला भरून त्यांच्यासमोर ठेवला. "तुमच्याच घरचं आहे. सहदेव रोज आणतो."

पेल्यातला रंग आणि वास सगळ्यांना कळला. केशवरावांचा चेहरा उतरला. पेल्याला त्यांनी हात लावला नाही.

मग मी काहीही सौम्य न करता सांगितलं. खुशालरावांना मुलांचा तिटकारा आहे आणि ते तो लपवत नाहीत. ते पाण्यात उतरतच नाहीत, मग त्यांना पाणी पवित्र करून काय करायचं होतं? ती गरज फक्त त्याला, जो पाण्यात उतरतो, फोटोत मुलाच्या खांद्यावर हात ठेवतो आणि घरी जाऊन आईच्या पंक्तीला बसतो. ज्याच्या तिन्ही गाई आटल्यात त्याच्या घरून रोज दोन बरण्या दूध येतं, आणि मांजर त्याला तोंड लावत नाही. साथ आली तसं आम्ही औषध दुप्पट केलं आणि यांनी गोमूत्र दुप्पट केलं. रोज सकाळी औषध त्या मुतावर खर्ची पडायचं, वायू तुमच्या डोळ्यांत जायचा आणि जंतू मोकळे सुटायचे. दुपारी मोतीराम पुन्हा पावडर टाकायचा, उन्हानं वायू उडून जायचा, म्हणून संध्याकाळची मुलं वाचली.

"मला हे माहीत नव्हतं," केशवराव म्हणाले. "आईनं पानावर बसू दिलं नसतं. घरात शांतता राहावी म्हणून... आणि गोमूत्र शुद्धच असतं, साहेब. मी कुणाचं वाईट चिंतलं नाही."

"रसायन माहीत नव्हतं, कबूल. पण पाण्यात रोज काय पडतं ते तुम्हाला ठाऊक होतं. मोतीरामवर आळ आला तेव्हा तुम्ही तोंड मिटलं, आणि त्याला काढायचा ठराव स्वतःच्या हातानं लिहिलात."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं, आता खोलीत काहीतरी घडेल. कुणी उठेल, कुणी ओरडेल. मी वाट पाहिली.

खुशालरावांनी पेला उचलून हुंगला आणि खाली ठेवला. "गोमूत्रच हाये ना? मी समजलो जहर हाये का काय." दोन-चार जण हसले. सगळ्या खोलीनं सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, "चला, वकीलसाहेबांचा हेतू तरी चांगला होता." ज्यांचे डोळे गळत होते तेच लोक हे म्हणत होते. मला तिथं बसवेना.

फक्त ओमप्रकाश उठले. ते केशवरावांसमोर जाऊन उभे राहिले. मग खिडकीपाशी जाऊन त्यांनी तोंडातलं पान काढून टाकलं आणि इस्पितळाकडं निघून गेले.

"आता माझा हुकूम ऐका," मी म्हणालो. "तलावाचं सगळं पाणी सोडायचं, तळ घासायचा, नवं भरायचं. मोतीराम कामावर राहील. पोलिसांना माझा अहवाल जाईल, त्यात नाव दुसरं असेल. आणि खुशालराव, फाटकावरची ती पाटी राहू द्या. डोळे आलेल्यांना पाण्यात प्रवेश नाही. नियम माझा आहे, पण पाटी तुमची आहे."

खुशालरावांनी खोलीभर नजर फिरवली. समोरचा प्रत्येक डोळा लाल होता.

"मंग तलावात उतरन कोन?" त्यांनी विचारलं.

"ज्यांचे डोळे चांगले आहेत ते. संध्याकाळची तुकडी. बाकी सभासदांनी डोळे बरे झाल्याचा डॉक्टरचा दाखला आणावा, मग बघू."

बाहेर मोतीराम तसाच उभा होता. दारातून त्यानं सगळं ऐकलं होतं. तो आनंदला असेल, निदान चार शब्द बोलेल, असं मला वाटलं होतं. तो माझ्याबरोबर तलावापर्यंत आला, पायऱ्यांवर पडलेली रिकामी बरणी त्यानं प्रथमच हातात घेतली आणि झाकण फिरवून पाहत राहिला.

"त्या पोराचा डोया जाईन का जी?" त्यानं विचारलं.

"डॉक्टर म्हणतात, जाईल."

"रोज माह्या समोरून जाये हे," तो म्हणाला. "मले हात लावू देला असता, तं पहिल्याच दिशी झाकन उघडून पाह्यलं असतं. वासानंच समजलं असतं."

त्यानं बरणी खाली ठेवली, पंपघरात जाऊन पाणी सोडायची चावी उघडली, आणि बाहेर येऊन माझ्याशेजारी उभा राहिला. तलावाचं पाणी हळूहळू उतरू लागलं.